बेस गिटारचे बॉक्स कसे निवडावेत, कसे जोडावेत

दुसरा बॉक्स जोडला आणि बेस कमी झाला. अक्कलकोट रोडवरचं एक मंगल कार्यालय, हळदीची रात्र, साउंडचेक चालू. दोन्ही बॉक्स एकाच बनावटीचे, बारा इंचांचा एकेक स्पीकर असलेले. त्यातल्या एकाची कॉइल जळाली होती म्हणून तो महिन्यापूर्वी दुरुस्त करून आणला होता. एकटा वाजवला तर ठणठणीत. दोन्ही मिळून वाजवले की खर्ज गायब, उरायची नुसती तारांची खरखर. ड्रमर ओरडला, "काय बे, बेस कुठं गेला?" मी हेडवरचा, म्हणजे अँप्लिफायरवरचा, नॉब उजवीकडे पिळत राहिलो, फरक शून्य. शेवटी एक बॉक्स बाजूला ठेवला आणि सगळा कार्यक्रम एकावरच काढला.

दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं. दुरुस्तीत प्लस-मायनसच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. एका स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) पुढं यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागं जायचा, आणि दोघं मिळून हवा जागच्या जागी ढवळत बसायचे.

एका पेन्सिल सेलने ही चूक दोन मिनिटांत सापडली असती. ती तपासणी खाली सांगितलीच आहे. पण आधी बॉक्स निवडायचा कसा ते बघू. सोलापुरात बेस गिटारच्या बॉक्सबद्दल सल्ला मिळतो तो बहुतेक मंडपवाल्यांकडून नाहीतर ऑर्केस्ट्रातल्या जुन्या मंडळींकडून. दोघंही आपापल्या कामात पक्के. मात्र मंडपवाल्याच्या भाषेत 'बेस' म्हणजे सब-वूफर. त्याचं काम साधारण १०० ते १२० हर्ट्झपर्यंतच (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं), त्यावरचं सगळं वरच्या स्पीकरांवर, टॉपवर जातं. बेस गिटारच्या बॉक्सला तळापासून ३-४ हजार हर्ट्झपर्यंत एकट्यानं बोलावं लागतं, कारण बोटाचा आघात आणि तारेची धार तिथं वर असते. म्हणून भाड्याच्या सबला हेड जोडून "बेस गिटार असाच वाजतो" असं ठरवू नका.

सुरांचे आकडे

चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, मोकळी ई, ४१ हर्ट्झची. पुढच्या तीन अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८. पाच तारांचा बेस असेल तर खालची बी ३१ हर्ट्झला जाते. दुकानदार सांगेल की हा बॉक्स ४० पर्यंत जातो. जात असेलही, पण तिथं त्याचा आवाज वरच्यापेक्षा किती पडतो ते विचारा. बहुतेक बॉक्स ५०-६० च्या खाली उतरायला लागतात, आणि त्यानं फारसं बिघडत नाही. ई तार छेडली की ४१ बरोबर ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरही निघतात आणि कान त्यांच्यावरूनच मूळ सूर ओळखतो. कार्यालयाच्या हॉलमध्ये ऐकू येणारा 'खर्ज' मुख्यतः ८० ते २०० च्या पट्ट्यातला असतो. तो पट्टा भरदार असलेला बॉक्स कामाचा. ४० हर्ट्झच्या मागे लागाल तर बॉक्स मोठा होतो नाहीतर आवाज लहान होतो.

याला हॉफमनचा नियम म्हणतात. छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. कोणी तिन्हींचं वचन दिलं तर चहा प्या आणि निघा.

वाजवायचं कुठं, न्यायचं कशातून

खरेदीची पहिली पायरी कागदावरची. गेल्या वर्षभरात कुठं कुठं वाजवलं ते लिहून काढा.

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये सराव असेल तर दहा किंवा बारा इंचांचा एक स्पीकर पुरे, खरं तर हेडफोनच पुरे. रहिवासी भागात नियमानं दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि खर्ज भिंत ओलांडून शेजाऱ्याकडे आधी पोचतो. चर्चमध्ये किंवा छोट्या हॉलमध्ये, ड्रमर समजूतदार असेल तर, बारा इंचांचा एक चांगला स्पीकर निभावतो. कार्यालयात पूर्ण ड्रमसेट, कीबोर्ड, दोन गायक असतील तर बाराचे दोन किंवा दहाचे चार. होम मैदानावर गड्ड्याच्या दिवसांत उभारलेल्या स्टेजसारखी उघडी जागा असेल तर तुमच्या बॉक्सनं लोकांपर्यंत पोचायचंच नसतं. तिथं हेडच्या मागच्या डीआय आउटमधून, म्हणजे थेट मिक्सरसाठी दिलेल्या आउटपुटमधून, वायर मिक्सरला द्यायची. आपला बॉक्स फक्त आपल्याला आणि ड्रमरला ऐकू यावा एवढाच. मोकळ्या मैदानात चार बॉक्स रचून शायनिंग मारणारे मी पाहिलेत. लोकांपर्यंत पोचत होता तो साउंडवाल्याचाच बेस.

दुसरा प्रश्न वाहनाचा. दहाचे चार असलेला जुन्या पद्धतीचा बॉक्स ३५ ते ४५ किलोचा, त्याला छोटा हत्ती आणि दोन माणसं लागतात. निओडायमियम चुंबकाचा, बाराचा एकेरी बॉक्स १५ किलोच्या आसपास येतो. तो स्कूटरवर मागच्याच्या मांडीत बसतो. कौतुकास्पद प्रकार नाही, पण मी सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत असा नेलाय.

इंचांचा गैरसमज

"पंधराचा घ्या, खर्ज येतो" हे वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं असतं. स्पीकरच्या आकारावरून खर्ज ठरत नाही. पेटीचं आकारमान, पोर्टचं (पेटीला हवेसाठी ठेवलेल्या भोकाचं) ट्यूनिंग आणि स्पीकरची घडण मिळून तो ठरतो. इंचांवरून कळतं ते एवढंच की हवा ढकलायला क्षेत्रफळ किती आहे. दहा इंची कोनाचं कामाचं क्षेत्रफळ साधारण ३५० चौरस सेंटिमीटर, बाराचं ५३०, पंधराचं ८५०. आता बेरीज करा. दहाचे दोन म्हणजे ७००, एका पंधराहून थोडे कमी. दहाचे चार म्हणजे १४००, पंधराच्या दीडपटीहून जास्त. बाराचे दोन म्हणजे १०६०.

इतिहासही इंचांची बाजू घेत नाही. फेंडर कंपनीनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी बासमन अँप, त्यात एकच पंधरा इंची स्पीकर. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, त्यांनीच बासमनमध्ये दहाचे चार बसवले. १९६९ मध्ये अँपेग कंपनीचं ३०० वॅटचं एसव्हीटी हेड आलं तेही दहाच्या आठ स्पीकरांच्या बंद पेटीवर.

पंधराचा एक खरा दोष मात्र लक्षात ठेवा. ध्वनिलहरीची लांबी कोनाच्या रुंदीएवढी झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जायला लागतो. पंधराच्या बाबतीत हे साधारण एक हजार हर्ट्झला सुरू होतं, दहाच्या बाबतीत सोळाशेच्या आसपास. म्हणून पंधराच्या समोर उभ्या माणसाला धार ऐकू येते आणि बाजूच्या ड्रमरला नुसता गदगदाट.

वॅट आणि डेसिबल

बॉक्सवर दोन आकडे बघा. वॅट म्हणजे तो किती सोसतो. संवेदनशीलता म्हणजे एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल देतो. ग्राहक पहिल्यावर भाळतो, कामाचा दुसरा. तीन डेसिबल जास्त देणारा बॉक्स म्हणजे दुप्पट वॅटचं हेड फुकट मिळाल्यासारखं. ९७ डेसिबलच्या बॉक्सला ४०० वॅट देऊन जे मिळेल ते १०० डेसिबलचा बॉक्स २०० वॅटमध्ये देतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला मात्र दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ३०० चं हेड विकून ५०० चं घेणाऱ्यानं हा हिशेब आधी करावा. फरक जेमतेम दोन डेसिबलचा.

वॅटचा छापील आकडा कॉइल किती तापली तर जळेल त्याचा असतो. स्पीकर त्याआधी दुसऱ्याच कारणानं मरतो. खालच्या सुरांना कोन फार लांब हलतो. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हलावं लागतं. पोर्टवाल्या पेटीत ट्यूनिंगच्या खाली कोनाला आतल्या हवेचा आधारच राहत नाही, तो नुसता फडफडतो. वर बेसचा नॉब सहा डेसिबलनं चढवला की त्या पट्ट्यात चौपट वॅट जातात. हेडवर हाय-पास फिल्टर (ठरावीक आकड्याखालचे सूर कापणारा) असेल तर तो ३५-४० हर्ट्झला लावून ठेवा. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही आणि कोन वाचतो.

ओहमचा नळ

इथं सगळ्यात जास्त घोळ होतात, म्हणून सावकाश.

हेडला पाण्याची मोटर समजा आणि बॉक्सला नळ. ओहम म्हणजे नळ किती आवळलेला आहे ते. ८ ओहम म्हणजे जास्त आवळलेला, ४ म्हणजे जास्त उघडा. पाणी येण्याच्या दिवशी एका मोटरीवर दोन नळ सोडले की पाणी दोन्हीकडे जातं आणि मोटरीवरचा ताण वाढतो. तसंच इथं. हेडच्या मागची दोन्ही आउटपुट जवळपास नेहमी समांतर असतात, आणि एका बॉक्समधून दुसऱ्यात वायर नेली तरी जोडणी समांतरच राहते. त्यामुळे:

८ आणि ८ मिळून ४.
४ आणि ४ मिळून २.
८ आणि ४ मिळून २.६७.
८ चे तीन मिळूनही २.६७.

हेडच्या पाठीमागे "किमान ४ ओहम" असं लिहिलेलं असतं. त्याखाली गेलात तर चांगलं हेड स्वतःला बंद करून घेतं, साधं हेड जळतं. सोलापूरच्या मे महिन्यात, मंडपात पंखाही नसताना, ते दुसऱ्याच गाण्याला घडतं. म्हणून पहिला बॉक्स घेताना ८ ओहमचाच घ्या. ४ चा घेतला की ४ ओहमच्या हेडवर पुढच्या बॉक्सचा रस्ता कायमचा बंद. "पण ८ ओहमवर हेड अर्धेच वॅट देतं ना?" हो, ४ ओहमला ५०० देणारं हेड ८ ला २५० ते ३०० देतं. अर्धे वॅट म्हणजे तीन डेसिबल, म्हणजे नॉब थोडासा पुढं. त्याची चिंता नको.

पुढं दुसरा तसाच ८ चा बॉक्स लावला की दोन फायदे एकत्र मिळतात. हेड पूर्ण वॅट द्यायला लागतं, त्याचे साधारण तीन डेसिबल. आणि दोन कोन एकत्र हवा ढकलतात, त्याचे खर्जात आणखी तीन. एवढी भर कोणतंही नवं हेड घेऊन पडत नाही.

व्हॉल्व्हचं हेड कोणाकडे असेल तर वेगळा नियम: बॉक्सचे ओहम आणि हेडवरचा सिलेक्टर जुळलेच पाहिजेत, आणि बॉक्स न जोडता ते कधीही चालू करायचं नाही.

जोडी जमवताना

माझं मत सरळ आहे: एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन बॉक्स. बाकी सगळी तडजोड.

सगळ्यात लोकप्रिय तडजोड म्हणजे वर दहाचे चार, खाली पंधराचा एक. "वरून धार, खालून खर्ज." ऐकायला पटतं. पण मध्ये वरचे आणि खालचे सूर वेगळे करणारा क्रॉसओव्हर नसतो, दोन्ही बॉक्सना सगळेच सूर जातात. दोन्ही ८ ओहमचे धरा आणि हेड ४०० वॅट देतंय. प्रत्येक बॉक्सला २००. वर ते चौघांत वाटले जातात, दहाच्या वाट्याला ५० येतात. खाली पंधरा एकटा २०० झेलतो. दहाचे चौघं निवांत असतात तेव्हा पंधरा धापा टाकत असतो, आणि फाटतो तोही तोच. शिवाय दोन वेगळ्या पेट्यांची ट्यूनिंग वेगळी, त्यामुळे काही सुरांना दोघं एकमेकांना साथ देतात आणि काहींना एकमेकांना खातात. एक सूर दणकून येतो, शेजारचा पोकळ. वाजवणाऱ्याला वाटतं बेसची तारच मेली.

४ ओहमचा आणि ८ ओहमचा जोडला तर वॅटचे दोन वाटे ४ वाल्याला आणि एक वाटा ८ वाल्याला. हेड २.६७ सोसत असेल तरच हे करा, आणि ४ वाला जास्त सोसणारा हवा.

वेगळे बॉक्स आधीच घरात असतील तर टाकून देऊ नका. एकेक करून वाजवा, मग दोन्ही मिळून. प्रत्येक वेळी ई तारेवर पहिल्या ते बाराव्या पट्टीपर्यंत एकेक सूर सारख्या जोरानं छेडा. कोणी सूर मध्येच बुडतो का ते ऐका. दोन्ही मिळून फक्त मोठे वाटले तर जोडी जमली. सूर बुडायला लागले तर एकच बॉक्स घेऊन जा, तो जास्त चांगला वाजेल.

ठेवायचे कसे

दोन बॉक्स एकावर एक ठेवा, शेजारी शेजारी नको. शेजारी ठेवले की दोन्हींचा आवाज बाजूला उभ्या माणसाकडे वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि मधली पट्टी कापली जाते. एकावर एक ठेवले की आडव्या दिशेत आवाज सारखा पसरतो, आणि वरचा स्पीकर छातीपर्यंत येतो. एकच बॉक्स जमिनीवर असेल तर तो आपल्या पोटऱ्यांना वाजून दाखवतो, आपल्याला वाटतं ऐकू येत नाही, आपण नॉब वाढवतो आणि पहिल्या रांगेतल्या काका-काकूंना शिक्षा होते. पुढची कड उचलून बॉक्स मागं तिरका करा, खाली विटेचा तुकडाही चालतो.

आता भिंत. मागच्या पक्क्या भिंतीपासून स्पीकर एक मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लहर ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीला मारते. ई तारेचा ८२ चा सूर नेमका तिथंच आहे, म्हणजे ज्याच्यावर आपला सगळा भरदारपणा उभा त्यालाच खड्डा. बॉक्स भिंतीला चिकटवा, खड्डा १९० च्या वर सरकतो आणि खालच्या सुरांना उलट भिंतीचा आधार मिळतो. कोपऱ्यात घातलात तर खर्ज इतका फुगतो की बेसचा नॉब उतरवावा लागेल. हे सिमेंटच्या भिंतीचं. मंडपाचं कापड म्हणजे भिंत नव्हे, खर्जाला ते दिसतच नाही. म्हणून कार्यालयात जमलेलं सेटिंग लॉनवर पातळ वाटतं. तुमची चूक नसते.

सेल, मीटर आणि वायर

पहिल्या प्रसंगातली चूक टाळायची तपासणी अशी. हेड बंद, वायर काढलेली. बॉक्सला स्पीकॉनची (फिरवून बसणाऱ्या स्पीकर प्लगची) वायर लावा, तिचं दुसरं टोक मोकळं. दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचा प्लस १+ ला आणि मायनस १− ला क्षणभर टेकवा. टक् असा आवाज येईल आणि कोन बाहेर सरकेल. जाळीतून टॉर्च मारून बघा किंवा कोनावर हलकं बोट ठेवा. दुसऱ्या बॉक्सलाही तसंच. दोन्ही एकाच दिशेला सरकले की झालं. एक आत गेला तर त्याच्या वायरी बदला. चार स्पीकरांच्या बॉक्समध्ये चारही कोन तपासा, कारण उलटा लागलेला एकच असू शकतो.

मग मल्टिमीटर ओहमवर. ८ च्या बॉक्सला साडेपाच ते सात दाखवेल, ४ च्या बॉक्सला तीन ते चार. मीटर कमी दाखवतो म्हणून घाबरू नका, तो डीसी रोध मोजतो. जुना चार-दहाचा बॉक्स घ्यायला गेलात आणि ८ लिहिलेलं असून मीटर १२ च्या आसपास दाखवत असेल तर सौदा थांबवा. आत दोन-दोन स्पीकरांच्या सिरीज जोड्या समांतर असतात. एका स्पीकरची कॉइल गेली की तिची सगळी जोडी गप्प होते, आणि विकणारा म्हणतो, "आवाज येतोय की." येतो, चारातल्या दोनांचा.

वायरीबद्दल एकच आग्रह. गिटारची वायर बॉक्सला लावू नका. तिच्यात मधली तार केसाएवढी असते, ती तापते आणि शॉर्ट झाली की हेड घेऊन जाते. इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड स्क्वेअर एमएमची दोन तारांची लवचिक वायर घ्या, लांब न्यायची असेल तर अडीचची, आणि स्पीकॉन लावा. वाजत असताना जॅक उपसला की तो क्षणभर शॉर्ट होतो. स्पीकॉन फिरवून लॉक होतो, नाचणाऱ्या पाहुण्याचा पाय अडकला तरी निघत नाही.

सुताराकडून करून घ्यायचा असेल तर

इथं बेसचे बॉक्स सहसा तयार मिळत नाहीत, पुणे किंवा हैदराबादहून आणावे लागतात. म्हणून सुताराकडून पेटी करून घ्यायचा मोह होतो. करा, पण आधी स्पीकर निवडा आणि मग पेटी, उलटं नको. स्पीकरच्या कागदावर थील-स्मॉल पॅरामीटर दिलेले असतात. त्यावरून पेटीचं लिटरमधलं आकारमान आणि पोर्टची लांबी निघते, त्यासाठी विनआयएसडी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते आकडे न काढता "जुन्या पेटीत बसतोय ना" म्हणून कोणताही बारा इंची कोंबला तर एकच सूर घुमणारा डबा तयार होतो. लाकूड चांगला प्लाय, १८ एमएम, आत आडवी पट्टी, सांधे हवाबंद. पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात फुगतो. पेटी तयार झाली की बाजूवर बोटाच्या पेरानं ठोका. कडक भाकरीसारखा 'टक्' आला तर घ्या, 'ढब्ब' आला तर सुताराला आणखी एक पट्टी मारायला सांगा.

कार्यक्रमानंतर बॉक्स टेम्पोत चढवताना स्पीकरची तोंडं समोरासमोर ठेवून मध्ये जुनी सोलापुरी चादर घडी करून घाला. जाळी पिचकत नाही, आणि घरी पोचल्यावर तीच चादर त्यांच्यावर टाकता येते. इथली धूळ पोर्टमधून आत जाते आणि कॉइलच्या फटीत बसली की पुन्हा दुरुस्ती, पुन्हा वायरी सोडणं, आणि पुन्हा सेल लावून बघणं.